चेंडू बघू नकोस

2021 च्या ऑक्टोबरमध्ये मी मिशिगनला आले, तेव्हा डेट्रॉइट लायन्सनी त्या सीझनमध्ये एकही मॅच जिंकली नव्हती. शेजारचे आजोबा, कार कारखान्यातून रिटायर झालेले, दर रविवारी टीव्हीसमोर बोलवायचे. ओळखीचं दुसरं कोण होतं?

"चेंडू बघू नकोस, 58 नंबर बघ." म्हणजे पेनेई सूएल. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफवर धावून येणाऱ्यांना अडवणारा. स्कोअरबोर्डवर त्याचं काम दिसत नाही.

नोव्हेंबर संपला. दहा हार, एक बरोबरी. 5 डिसेंबरला वायकिंग्जविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी गॉफचा पास आमोन-रा सेंट ब्राउननं झेलला. 29-27! मी नाचले. आजोबा रिवाइंड करून सूएलला बघत बसले.

पुढच्या वर्षी पुन्हा सातपैकी एकच विजय. "गॉफला काढा," मी वैतागले. आजोबांनी पाकिटाच्या मागे आकडे मांडले: सहापैकी चार हार जेमतेम तीन-चार गुणांच्या. "आक्रमण तयार आहे. बचाव घात करतोय." (पेट्रियट्सकडून 29-0 झालं होतं, ते सोयीस्करपणे वगळून.)

तोवर माझे सात इंटरव्ह्यू फिसकटले होते. रात्री मीही विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं. तीन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत पोचले होते. हे नवऱ्यालाही सांगितलं नाही.

रविवारी लायन्सनी पॅकर्सना 15-9 हरवलं. ॲरन रॉजर्सचे तीन पास पळवले ते बचावानंच. आजोबा त्यांचं पाकीट शोधत होते.