गोठ्यातला ग्राइंडर

गुरुवार, २ जानेवारी २०२५

भोसरीच्या एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी. कारखाना बंद, म्हणजे माझी शेड चालू. जुन्या गोठ्यावर पत्रा घालून केलेली शेड. दुपारी बाराच्या सुमारास अँगल कापत होतो, तेवढ्यात शेजारच्या इमारतीतला भाडेकरू पोरगा फाटकाशी येऊन उभा राहिला. डोळे तांबारलेले. म्हणाला, "काका, रागावू नका, पण मी सकाळी सातला झोपतो." हिंजवडीच्या आयटी पार्कात, फेज थ्रीमध्ये अमेरिकेच्या घड्याळावर काम करतो तो. आमच्या माण गावात आता असंच झालंय. भिंतीच्या अलीकडचा पहाटे उठून धार काढतो आणि पलीकडचा पहाटे लॉगआऊट करतो.

रात्री नियम काढून वाचले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पोराची रात्र कायद्याला दिवस वाटते, पण म्हणून मी सुटत नाही. दोन माणसं मोकळेपणी बोलली तरी साठाच्या आसपास जातात. माझा ग्राइंडर हाताशी शंभराला टेकतो.

रविवार, ५ जानेवारी

पुतण्याने पोतंभर अंड्यांचे ट्रे आणले. भिंतीला चिकटवले की आवाज बंद, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंय. त्याला समजावून सांगितलं, आवाज अडवतं ते वजन. भिंतीचं वजन दुप्पट केलं की पलीकडे पाच-सहा डेसिबल कमी जातात, हा ढोबळ हिशेब. कागदाच्या ट्रेला वजन कुठलं? फोम लावला तर शेडमधला घुमारा उतरेल, पण तो माझ्या कानांचा फायदा. शेजाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. ट्रे अंडीवाल्याकडे परत.

डेसिबलचा हिशेबही त्याला विचित्र वाटला. एकसारखी दोन यंत्रं चालू असताना एक बंद केलं, तर फक्त तीन डेसिबल कमी होतात. कानाला आवाज निम्मा वाटायचा तर दहा उतरवावे लागतात.

गुरुवार, ९ जानेवारी

आज काम केलं नाही, नुसतं ऐकलं. संध्याकाळी पोरगा उठल्यावर त्याच्याच खिडकीत मोबाइलवर डेसिबलचं ॲप लावून त्याला बसवलं. मोबाइलचा आकडा कारखान्यातल्या मीटरइतका भरवशाचा नसतो, पण आधीचं आणि नंतरचं कळायला पुरतो. मी एकेक यंत्र चालवायचं, त्याने वरून आकडा ओरडायचा.

ग्राइंडर, जिगसॉ, राउटर अपेक्षेप्रमाणे. धक्का दिला बेंच ग्राइंडरने. हाताशी अगदी गरीब यंत्र, इंडक्शन मोटर, नुसती हुं-हुं. खिडकीत मात्र त्याचा घुमणारा आवाज येत होता आणि पोरगा म्हणाला, झोपेत सगळ्यात जास्त हाच टोचतो. टेबल पाहिलं. त्याचे मागचे पाय शेडच्या अँगलला बोल्टने आवळलेले. त्या अँगलवर पत्रा. पत्र्यावर तळहात टेकवला तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या. दोन्ही हातांनी पत्रा दाबून धरला आणि वरून हाक आली, "काका, आत्ता काय केलंत? कमी झाला!"

पत्र्याची शेड म्हणजे ताशाच. यंत्र हळू वाजवा नाहीतर जोरात, घुमणार तो पत्रा.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन वर गेलो. पोराने झोपेच्या वेळा कागदावर लिहून दिल्या: मंगळवार ते शनिवार, सकाळी सात ते तीन. रविवारी तो माणसांसारखा रात्री झोपतो. खाली आलो तर तळमजल्यावरच्या वहिनींनी गाठलं. त्यांची मुलगी दहावीला, रविवारी दिवसभर अभ्यास. म्हणजे पोराला चालणारा वार वहिनींना नको आणि वहिनींना चालणारा गुरुवार पोराला नको. उरतात गुरुवारचे साडेतीन ते सात.

गुरुवार, १६ जानेवारी

कुदळवाडीला जाऊन भंगारातून कन्व्हेयर बेल्टचा तुकडा आणला. टेबलाचे बोल्ट अँगलमधून काढले, चारही पायांखाली बेल्टचे चौकोन घातले. आता टेबल शेडला कुठेच शिवत नाही. पत्र्याच्या हुक-बोल्टांचे रबरी वायसर वाळून गेले होते, ते बदलले. पत्र्याच्या मधल्या भागावर आतून डांबरी पट्टी चिकटवली, गाडीच्या दारांत घालतात तीच. बोटाने टिचकी मारली तर पूर्वी टण्ण वाजायचं, आता नुसतं ठप्प.

बेंच ग्राइंडर पोराला ऐकूच आला नाही. सगळा खर्च एका चांगल्या पात्याच्या किमतीपेक्षा कमी.

गुरुवार, २३ जानेवारी

चार इंची ग्राइंडरचं काय करायचं? त्याची युनिव्हर्सल मोटर मिनिटाला अकरा हजारांच्या घरात फिरते. पंखा, गिअर, कार्बन ब्रश, सगळेच किंचाळतात. त्याला शांत करता येत नाही, त्याचं काम कमी करता येतं. अँगल आता दुकानातूनच मापाने कापून आणतो, फळ्या वखारीतून. काठ मोडायला कानस पुरते. पत्रा घासायचाच असेल तर त्यावर वाळूची पिशवी ठेवतो. झणझणणारा पत्रा वाळूखाली मुका होतो.

टेबल सॉ बदलायचा विचार आहे. इंडक्शन मोटरचा, २,८०० फेऱ्यांचा. पात्याचे दात बोथट असले की लाकूडही ओरडतं आणि मोटरही, म्हणून आधी पातं धार लावायला टाकलं.

सोमवार, २७ जानेवारी

आमच्या टूलरूममधल्या एकाचा कानांचा रिपोर्ट आला. वरच्या पट्टीचे आवाज डाव्या कानाने ऐकू येत नाहीत. प्रेस शॉपमधली जुनी माणसं लग्नात भेटली की एवढी मोठ्याने का बोलतात, ते काही गावाकडच्या सवयीमुळे नाही. कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली निओश ही संस्था ८५ सांगते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने शंभराला पंधरा मिनिटं. कारखान्यात इअरप्लग घालायला लावणारा सुपरवायझर असतो, घरच्या शेडमध्ये कोण सांगणार? इअरमफ खिळ्याला टांगला, ग्राइंडरच्या बरोब्बर वर.

गुरुवार, ३० जानेवारी

पोराच्या बाजूच्या पत्र्याआड चार इंची विटेची भिंत घातली, दोन्हीकडून गिलावा. फरक पडला, पण आशेइतका नाही. कारण वर सापडलं: भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. भिंतीच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी भिंत कितीही जाड करा, वीस डेसिबलच्या पुढे काही अडत नाही. फट मसाल्याने बुजवली, दाराच्या तळाला रबरी पट्टी लावली. हवेसाठी प्लायची दोन वळणांची पेटी केली, आतून रॉकवूल. हवा वळते, आवाज वळणांत बराचसा जिरतो.

पुतण्या म्हणाला, कॉम्प्रेसरही पेटीत कोंडू. नको म्हटलं. मोटरला वारा हवा. कोंडलेली गरम मोटर आणि भोवती भुसा, म्हणजे आगीला आमंत्रण.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

महापालिकेने शनिवारपासून कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडायला घेतली आहेत. बेल्ट घेतला तो गाळाही गेला म्हणतात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. डीजे घरावरून गेला तेव्हा ओसरीतच मोबाइलने नव्वद ओलांडले. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी डेसिबल मोजतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आकडे येतात. माणच्या चौकात कोण मोजतंय?

गुरुवार, २० फेब्रुवारी

पुन्हा सगळी यंत्रं चालवून पाहिली. पोराच्या खिडकीत ग्राइंडर अजून साठाच्या वर आहे, बाकीची खाली आली. टेबल शेडपासून सोडवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणाचं ठरलं. भिंत सगळ्यात महाग पडली आणि फट बुजवेपर्यंत निम्मी वाया होती.

उद्यापासून दहावीची परीक्षा. ती १७ मार्चला संपते. तोवर एकही यंत्र चालणार नाही. देव्हाऱ्याची महिरप राहिली आहे, ती पटाशीने होईल.