हापसा

आमच्या बोटीवरचा संडास बिघडलाय, हे चार भागीदारांपैकी तिघांना दीड महिना कळलंच नाही. तिघंही पुरुष आहेत. त्यांचं काम मागच्या कठड्याला धरून, वाऱ्याची दिशा बघून उरकतं. चौथी मी.

बोट म्हणजे फार काही समजू नका. आठ मीटरची, शिडाची, माझ्यापेक्षा वयानं मोठी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नावाची नदी समुद्राला मिळते, तिथं ती बांधलेली असते. मी इथं एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. वॉर्डातल्या एका फिजिओथेरपिस्टनं एकदा फिरायला नेलं आणि मी अडकले ती अडकलेच. एक निवृत्त शिक्षक, एक पोलिश इलेक्ट्रिशियन, तो फिजिओ आणि मी. चौघांत वाटून घेतली तर जुनी बोट एका बऱ्या सेकंडहँड गाडीपेक्षा स्वस्त पडते. हे मी गावाकडं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. सांगोला तालुक्यातली पोरगी, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो, ती समुद्रात काय करते?

तर, संडास. बिघाड साधा होता. फ्लश केलं की पाणी जायचं, पण तासाभरात भांड्यात परत वर यायचं. वासही यायचा. मग मी जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. बोटीवर जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पिणं बंद केलं. चहासुद्धा नाही. उन्हावाऱ्यात सहा-सात तास, जीभ टाळूला चिकटलेली, आणि शिक्षकबुवा थर्मास पुढं करून विचारतायत, “घेणार?” मी म्हणायची, “आत्ताच घेतला.”

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मला लघवीचा संसर्ग झाला. गोळ्या घेताना स्वतःचीच लाज वाटली. वॉर्डात मी दिवसभर बायकांना हेच सांगते. पाणी प्या, रोखून धरू नका.

पण हे रोखून धरणं माझ्यात फार जुनं आहे. एसटीनं सोलापूरला जायचं असलं की आई आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायची, आणि माझंही करायची. स्टँडवरच्या मुतारीत बाईमाणसानं जावं अशी सोय नसायची. गावात तर अंधार हीच सोय. पहाटे चारला बायकांचा घोळका ओढ्याकडं, नाहीतर मग थेट दिवस मावळल्यावर. मधल्या वेळेला लागली तर दाबायची. २०००-०१ मध्ये गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, त्यानंतर आमच्या परसात संडास आला. पहिलं वर्षभर त्यात सरपण ठेवलं होतं. कारण सरळ होतं. संडासाला पाणी लागतं आणि पाणी हापशावरून डोक्यावर आणावं लागतं. आणणार कोण? ज्या बायकांसाठी तो बांधला, त्याच.

जूनमध्ये आम्ही फ्रान्सला जायचं ठरवलं होतं. इंग्लिश खाडी ओलांडून शेरबूर बंदर. वाइट बेटाच्या टोकापासून साधारण साठ सागरी मैल. आमची बोट तासाला पाच मैल जाते, म्हणजे बारा तास, आणि नदीतून बाहेर पडण्याचा वेळ वेगळा. ते अंतर मी पाण्याशिवाय काढू शकत नव्हते. बैठकीत मी विषय काढला. पोलिश गडी म्हणाला, “बादली आहे की.” तो वाईट माणूस नाही. त्याच्या डोक्यात ते आलंच नव्हतं, एवढंच. मी म्हणाले, “मी दुरुस्त करते.”

बोटीवरच्या संडासाला इंग्रजीत ‘हेड’ म्हणतात. जुन्या जहाजांवर खलाशी पुढच्या टोकाला, म्हणजे जहाजाच्या डोक्याशी जाऊन बसायचे, म्हणून. आमच्याकडचा हातानं चालणारा. भांड्याच्या बाजूला एक उभा पंप, त्याला दांडा. दांडा वर-खाली केला की एकाच पंपातून दोन कामं होतात. वरच्या बाजूनं समुद्राचं पाणी ओढून भांड्यात येतं, खालच्या बाजूनं भांड्यातलं बाहेर ढकललं जातं. बोटीच्या बुडाला दोन भोकं असतात, एक आत येणाऱ्या पाण्याचं, एक बाहेर जाणाऱ्याचं. दोन्हींवर कॉक. काम झालं की कॉक बंद करायचे, हा पहिला नियम. दुसरा नियम, जे आधी खाल्लेलं नाही ते भांड्यात टाकायचं नाही. आणि बंदरात बांधलेली असताना वापरायचाच नाही, किनाऱ्यावरच्या संडासात जायचं.

पहिल्या नियमाला गंमत समजू नका. १९४५ च्या एप्रिलमध्ये यू-१२०६ ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ संडासापायी गेली. तिचा संडास खोल पाण्यातही चालेल असा होता, पण वापरायला किचकट. चूक झाली, समुद्र आत घुसला, बॅटऱ्यांपर्यंत पोचला, विषारी वायू झाला. वर यावं लागलं आणि वर विमानं होती. बोट सोडून द्यावी लागली.

मी दुरुस्तीचं किट मागवलं. रबराचे वायसर, झडपा आणि ‘जोकर व्हॉल्व्ह’ नावाचा एक प्रकार. बदकाच्या चोचीसारखा रबरी तुकडा, पुढं जाणाऱ्याला वाट देतो आणि मागं येणाऱ्याला मिटतो. आपल्या पायांच्या शिरांमध्ये असतात तशीच झडप. आमचा जोकर उघडाच राहिलेला. रबर कडक होऊन त्यावर पांढरा थर बसला होता. कपाटाएवढ्या जागेत एक खांदा आत घालून, हातमोजे घालून मी तो काढला. घाण वाटली का? नाही. दुसऱ्यांचं रोज काढते, हे तर चौघांचंच होतं.

आठ दिवस बरे गेले. मग दांडा जड झाला. इतका की दोन्ही हातांनी रेटावा लागे. बाहेर जाणारा पाइप मी काढला. गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळून तो आधी मऊ करावा लागतो, तरी निघेना, शेवटी उभा चिरला. आतून अडतीस मिलिमीटरचा पाइप, पण मधलं भोक माझ्या करंगळीएवढं उरलं होतं. लघवी आणि खारं पाणी एकत्र आले की क्षाराचे थर बसतात. पाइपाला मुतखडा झाला होता, असं समजा. जुने लोक असा पाइप काढून धक्क्यावर आपटतात, थर फुटून पडतो. आमचा त्याच्याही पलीकडं गेला होता.

नवा पाइप लावला. आणि तो लावताना पंपाचा बोल्ट मी गरजेपेक्षा जास्त आवळला. कट्‌ असा आवाज आला. पंपाच्या बुडाला चीर.

मी तिथंच फरशीवर बसून राहिले. आता नवा पंप घ्यायचा, तर अख्खा नवा संडास थोड्याच जास्त पैशांत येत होता. चौघांत वाटून दोनशे पौंडांच्या आत. शिक्षकबुवा म्हणाले, “बादली फुकट आहे.” मी पहिल्यांदाच त्यांना थोडं मोठ्यानं बोलले. का, तेही सांगितलं. एसटी, पहाटेचे चार, गोळ्या, सगळं. ते बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या वाट्याचे पैसे सगळ्यांत आधी त्यांनीच पाठवले.

नवा बसवला. चार बोल्ट, दोन पाइप, प्रत्येक जोडावर दोन-दोन क्लॅम्प. शिवाय जुन्या बोटीत नव्हती ती एक गोष्ट मी मुद्दाम घातली. संडास पाण्याच्या पातळीच्या आसपास असतो, त्यामुळं कॉक चुकून उघडा राहिला तर समुद्र पाइपातून आपोआप आत येत राहतो, ड्रममधलं रॉकेल नळीनं काढतात तसा. ते थांबवायला पाइप उंच नेऊन उलट्या यू आकारात वळवतात आणि वर टोकाला हवा आत घेणारी छोटी झडप बसवतात. हवा शिरली की ओढ तुटते. ही कमान मी पाणी आत आणणाऱ्या पाइपावर, कॉक आणि पंपाच्या मधे बसवली. कॉक उघडला, दांडा मारला. वीस वेळा, पन्नास वेळा. भांडं कोरडं.

तेव्हा मी अण्णांना फोन लावला.

माझे वडील जिल्हा परिषदेत हातपंप दुरुस्तीच्या पथकात होते. दुष्काळांच्या काळात गावोगाव बोअर झाले, पण त्यांवर जे बिडाचे पंप बसवले ते सारखे मोडायचे. मग जालन्यात आणि सोलापुरात पोलादाचे, जास्त टिकणारे पंप तयार झाले. त्यांतल्या सोलापूर पंपाच्या आधारावर पुढं इंडिया मार्क टू आला आणि जगभर गेला. अण्णांना याचा मोठा अभिमान. घरात मात्र त्यांच्या कपड्यांना कायम ग्रीसचा वास. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचा व्यवसाय मी ‘सरकारी नोकरी’ एवढाच लिहायचे. सुट्टीत ते भावाला टेंपोत घालून न्यायचे. पाइप उपसायला, चेनपाना धरायला. मी हट्ट केला की म्हणायचे, “पोरीनं काय करायचं तिथं?” रात्री अंगणात सिलिंडर जोडताना बॅटरी धरायला मात्र मी लागायची. भाऊ आता पुण्यात बँकेत आहे, त्याला पाना कुठला धरायचा तेही आठवत नाही.

व्हिडिओवर त्यांनी संडास बघितला आणि हसले. “आगं, ह्यो तर हापसाच की. गूचा हापसा.”

“अण्णा, पाणी उचलत नाही.”

“फोन जवळ धर. हाण.”

मी दांडा मारला. त्यांनी डोळे मिटले होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, कान आता कमी झालेत, टीव्ही मोठ्यानं लावतात. तरी दहा-बारा ठोक्यांत म्हणाले, “थांब. पाणी न्हाय, वारा वडतंय. वायसर चांगलाय. तुजा जोड कुठं तरी पितोय.”

“दोन-दोन क्लॅम्प लावलेत.”

“लाव की धा. ओलं फडकं घे, एकेका जोडाला गुंडाळ आन हाण. आवाज बदलला तर तितंच.”

गुंडाळलं. कॉकाजवळचा जोड, काही नाही. पंपाजवळचा, काही नाही. कमानीची दोन्ही टोकं, काही नाही. अर्धा तास झाला. भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी म्हणाले, “झोपा आता, उद्या बघू.” ते म्हणाले, “वर काय हाय? ती नळी वर वाकवलीय तितं?”

“तिथं हवेची झडप आहे. पण ती मुद्दाम आहे, बोट बुडू नये म्हणून...”

बोलता बोलता मी थांबले. अण्णाही काही बोलले नाहीत. मी त्या झडपेवर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं दांडा मारला. चौथ्या ठोक्याला आवाज जड झाला, सहाव्याला भांड्यात खारं पाणी उसळलं.

झडपेचं काम हवा घेणं. मी तिला पंपाच्या आधी बसवलं होतं, म्हणजे पंपाला पाण्याऐवजी सोपी हवा मिळत होती. कमान पंपाच्या नंतर, पंप आणि भांड्याच्या मधे हवी होती. तिथं बुडण्याची ओढही तुटते आणि पंपालाही हवा लागत नाही. त्या दोघांना जोडणारा छोटा पाइप काढून तिथून दोन लांब पाइप वर नेले, की झालं. दुसऱ्या दिवशी तासाभराचं काम.

अण्णा पलंगावर बसले होते, मागं आईच्या फोटोचा हार दिसत होता. म्हणाले, “तवा तुला न्हेलं असतं टेंपोत, तर आज फोन करावा लागला नसता.”

मला काय बोलावं कळेना. म्हणाले, “मग फोन तरी कशाला केला असता?”

“ते बी हाय,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “तुज्या आईला लई तरास झाला ह्याचा. बोलली न्हाय कदी.” आणि फोन ठेवला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. मध्यरात्रीनंतर सुकाणूवर माझी पाळी होती. दोन्हीकडं मोठ्या मालवाहू जहाजांचे दिवे, वर अर्धवट ढग. शिक्षकबुवांनी थर्मास पुढं केला. मी दोन कप घेतले. तासाभरानं सुकाणू त्यांच्या हातात दिलं, कठड्यांना धरत खाली गेले, कॉक उघडले, वापरला, वीस ठोके मारले, कॉक बंद केले. दांड्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अण्णांना पाठवला.

फ्रान्सचा किनारा दिसेपर्यंत तो गेला नाही, रेंज नव्हती. शेरबूरच्या धक्क्यावर दोर बांधत होते तेव्हा त्यांचं उत्तर आलं. सात सेकंदांचा आवाज.

“आइकला. ब्येस चाललाय. वायसरला गोडंतेल सोड जरा, कोरडा वाटतुय.”