खंदक, चिखल आणि गुलाबी पाहुणे

ड्युसेलडॉर्फला प्रोजेक्टवर आलेल्या मराठी मंडळींचे वीकेण्ड ठरलेले असतात. अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, नाहीतर कोलोनचं कॅथेड्रल. सोमवारी ऑफिसात फोटो दाखवायचे, संपलं. हे सगळं करून झालं असेल तर एक वेगळा बेत सांगते. डॉर्टमुंडहून डच सीमेपलीकडच्या एन्शेडेला जाणारी एक साधी लोकल आहे, आरबी ५१. किल्ले आणि दलदल, दोन्ही हिच्याच वाटेवर. सायकल मात्र सोबत घ्या. हा म्युन्स्टरलँडचा भाग आणि इथे चढ नावालासुद्धा नाही.

तीच तर इथल्या सरदारांची अडचण होती! आपल्याला सह्याद्रीने कातळकडे आयते दिले. इथे डोंगरच नाही, मग शत्रूला अडवायचं कशाने? पाण्याने. लुडिंगहाउझेनला उतरून थोडं पॅडल मारलं की फिशरिंगचा किल्ला येतो. म्युन्स्टरच्या बिशपने १२७१ मध्ये उभारलेला हा चक्क भुईकोट. श्टेव्हर नदीच्या पाण्याने भरलेला रुंद खंदक आणि त्यात दोन बेटं. एकावर तबेले-कोठारं, दुसऱ्यावर मुख्य वाडा. १५२१ मध्ये तो आगीत सापडला आणि पुन्हा बांधला गेला. पाण्यातून सरळ वर आलेल्या त्या गोल भिंतींकडे बघत पुलावर नुसतं उभं राहावंसं वाटतं.

तिथून आठ-दहा किलोमीटरवर नोर्डकिर्शेन. याला 'वेस्टफालियाचं व्हर्साय' म्हणतात. १७०३ मध्ये काम सुरू झालं, १७३४ मध्ये संपलं. लाल विटा, लांबलचक बाग, सगळं कसं रेघ मारून आखलेलं. फोटो झकास येतात, पण खरं सांगू? मला फिशरिंगच आवडला. आणि गंमत म्हणजे या राजवाड्यात आता टॅक्स खात्याचे भावी अधिकारी शिकतात. माझ्यासोबत ऑफिसमधला मित्र होता, मूळचा ठाण्याचा. तो म्हणाला, "बघ, आपल्या पगारातले कापलेले पैसे कुठे जातात ते!"

रविवारी पुन्हा तीच लोकल पकडून आहाउसला उतरलो. तिथून फ्रेडेन गावावरून वीस-पंचवीस किलोमीटर सायकल हाणली की त्स्विलब्रोकर फेन. फेन म्हणजे पाणथळ माळ. इथे पायाखालची जमीन स्पंजासारखी दबते.

या जमिनीचं गणित समजलं आणि मी जरा गप्पच झाले. पावसाच्या पाण्यावर एक प्रकारचं शेवाळ वाढतं. पाण्यात हवा पोचत नाही, म्हणून मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही, थरावर थर साचत राहतो. किती? वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे हातभर थर म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीपासूनची जमा! लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चर खणून पाणी काढून दिलं, हा थर विटांसारखा कापला, वाळवला आणि चुलीत घातला. दलदलीची भीतीही होतीच. याच मुलखातली कवयित्री आनेट फॉन ड्रोस्टे-हुल्सहोफ हिने १८४२ मध्ये दलदलीतून घाबरत घरी पळणाऱ्या मुलावर कविता लिहिली. तिचं चित्र पुढे वीस मार्कांच्या नोटेवर आलं. आता मात्र उलटं चाललंय. पाणी अडवून धरतात, आणि बर्चची रोपं माजून पाणी पिऊ नयेत म्हणून मेंढ्या चारतात.

इथे यायचं सगळ्यांचं कारण मात्र वेगळंच असतं. फ्लेमिंगो! वीण घालणारी ही जगातली सगळ्यात उत्तरेकडची वसाहत. थव्यात चिलीचे फ्लेमिंगोही आहेत. ते बंदिवासातून सुटून आलेले, असं मानतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते इथे पिल्लं काढतायत. निरीक्षण मनोऱ्यावरून तळ्यातलं बेट दिसतं, त्यावर हजारो काळ्या डोक्याचे कुरव पक्षी बेसुमार कालवा करत असतात आणि मध्येच गुलाबी ठिपके. कुरवांच्या विष्ठेने पाणी सकस होतं, त्यात सूक्ष्म जीव वाढतात, ते फ्लेमिंगो गाळून खातात. पण त्या शेवाळाला नेमकं निकस पाणी लागतं. म्हणजे ज्यांना बघायला गर्दी होते तेच पक्षी दलदलीच्या मुळावर येतात. त्यात उन्हाळा कोरडा गेला आणि पाणी उतरलं, की कोल्हा चालत बेटावर पोचू शकतो. नक्की कुणाला वाचवायचं, हा प्रश्न मला तरी सोपा वाटला नाही.

मित्र दुर्बिणीतून मोजत होता. "एवढेसेच? आमच्या खाडीत लाखाच्या घरात असतात." ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा २०१५ मध्ये मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीतही गेली. मग दुर्बीण माझ्याकडे देत तो म्हणाला, "आमच्या गॅलरीतून आधी खाडी दिसायची. आता समोरचा टॉवर दिसतो." यावर मी काय बोलणार?

जाणार असाल तर एप्रिल ते जून उत्तम. उन्हाळा सरता सरता फ्लेमिंगो डच किनाऱ्याकडे निघून जातात. दुर्बीण हवीच, मोबाइलच्या झूमवर विसंबू नका. आखलेली वाट सोडू नका. लोकलमध्ये सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आणि रविवारी जर्मनीत दुकानं बंद, तेव्हा पोळीभाजीचा डबा शनिवारीच भरून ठेवा.