आगरांतील एक रात्र

गुहागरास घरांच्या मागील आगरें समुद्राच्या बाजूस गेलेलीं आहेत. मुलांस एक रात्र उघड्यावर निजवावयाची तर मार्गशीर्ष महिना व हें ठिकाण आम्हांस फार सोयीचें वाटतें. मात्र अंथरुणें माडाखालीं कदापि घालूं नयेत. नारळ आणि झावळ्या वेळ पाहून पडत नाहींत. मोकळ्या जागेंतील पातेरा दिवसाउजेडींच झाडावा, कारण त्यांत विंचू असतो. दंवासाठीं वर जुनें लुगडें ताणावें. आजीच्या लुगड्याचा तंबू मुलांस विशेष प्रिय! कंदील मालवला कीं पूर्वेस मृग आणि त्याच्या मागें लागलेला व्याध दाखवावा. मागील दाराची कडी काढून ठेवावी, आणि मध्यरात्रीं जो आंत येईल त्यास सकाळीं कोणीं हंसूं नये.