ठोसा एक, शब्द अनेक

वाचकहो, तुमच्या मुलांच्या शाळेच्या डायरीत कधी लाल शाईचा शेरा आला आहे का? मागच्या महिन्यात माझ्या नववीतल्या मुलाच्या डायरीत आला. आम्ही चेन्नईत, तिरुवल्लिकेणीत राहतो. शेऱ्यातला एक शब्द टोचत होता: ‘ब्रॉल’. खाली पालकांचा खुलासा मागितला होता.

“आई, ब्रॉल नव्हता गं. आम्ही दोघंच होतो,” मुलगा पुटपुटला.

भारती सालैवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली जाडजूड डिक्शनरी मी काढली आणि आम्ही मायलेक शब्द शोधत बसलो.

‘फाइट’ हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द. फाइट नुसत्या तोंडानेही होते. ‘स्कफल’ म्हणजे आपली झटापट: थोडी ढकलाढकली, की संपलं. ‘फिस्टिकफ्स’ म्हणजे गुद्दागुद्दी, पण शब्द इतका जुन्या वळणाचा की आज ऐकला तर हसू येतं. ‘ब्रॉल’ म्हणजे चारचौघांत, आरडाओरडा करत झालेली मारामारी. त्यात बहुधा बरेच जण असतात. ‘बॉक्सिंग’ मात्र या सगळ्यांहून वेगळं. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी त्याला हातमोजे आणि तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या दिल्या. तिथे ‘पंच’ मारणारा असतो आणि निकाल देणारे आपले पंचही असतात! ‘प्युजिलिस्ट’ म्हणजेही बॉक्सरच. लॅटिनमध्ये ‘पुग्नुस’ म्हणजे मूठ. आपला ‘मुष्टियोद्धा’ही तसाच मुठीतून आलेला.

तेवढ्यात शेजारच्या पाटी, म्हणजे आजी, आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “आमच्यात याला ‘कैकलप्पु’ म्हणतात.” शब्दशः अर्थ, हातांची सरमिसळ. किती सौम्य शब्द!

मलाही असाच सौम्य शब्द हवा होता. खरं सांगते, मी ‘स्कफल’ लिहायला पेन उचललंसुद्धा. मग सहज विचारलं, “हात उघडा होता की मूठ वळली होती?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मूठ. त्याचा ओठ फुटला, आई.”

पेन तिथेच थांबलं. ‘ब्रॉल’ त्याच्यावर अन्याय करणारा होता, पण ‘स्कफल’ त्या दुसऱ्या मुलावर अन्याय करणारा होता. झटापटीत कुणी मूठ वळून तोंडावर मारत नाही. खरा शब्द साधा होता: ‘पंच’. एक ठोसा, माझ्या मुलाने मारलेला.

मी तेच लिहिलं: ही ब्रॉल नव्हती, दोघांचं भांडण झालं आणि माझ्या मुलाने एक पंच मारला, तो माफी मागेल. शिक्षा टळली नाही. दोन दिवस तो घरी बसला. पण संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. सुजलेला ओठ समोर पाहिल्यावर माझ्या मुलाला इंग्रजी सुचेना, तमिळही सुचेना. त्याने फक्त हात पुढे केला. या वेळी तो उघडा होता.

आपल्या मुलांची बाजू घेताना आपण सगळेच मऊ शब्द शोधतो, नाही का? पुढच्या वेळी डायरीत शेरा आला, तर सही करण्याआधी तुम्हीही मुलाला विचारून बघा: हात उघडा होता की मूठ?