चांद कोणता, तारा कोणता?

आम्ही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. डी.एड. करून प्राथमिकला लागलो, मग नोकरी करता करता बी.एड. केलं. बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात 'अवधान' नावाचं प्रकरण होतं. त्यावर आम्हाला चांगले गुण पडले होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत आमच्या फजितीची आहे, आणि नुसती फजिती म्हणून सोडून द्यावी इतकी ती साधीही नाही.

वर्गातल्या एका मुलीची ही गोष्ट. तिचं नाव इथं लिहीत नाही; वर्गात तिला आधीच पुष्कळ नावं पडली होती. बाटलीतलं पाणी पेल्यात ओतायला गेली की निम्मं खाली. मैदानात चेंडू झेलायला दोन्ही हात पुढं करायची आणि चेंडू खांद्यावर आदळायचा. वहीत अक्षरं ओळ सोडून खाली उतरलेली. 'धांदरट' हे नाव तर आम्हीच दिलेलं. दुसरीच्या प्रगतिपत्रकात शेऱ्याच्या रकान्यात आम्ही उर्दूत लिहिलं होतं, 'तवज्जो नहीं देती.' तिसरीत तोच शेरा. तिची अम्मी विड्या वळते. तिनं दोन्ही वेळा काही न विचारता सही केली. आपांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, चौथीच्या वर्गात, पावसामुळं मैदान बंद होतं म्हणून आम्ही मुलांना एक गंमत करायला लावली. वहीच्या कोऱ्या पानावर डावीकडं तारा काढा, त्याच्यापासून चार बोटं सोडून उजवीकडं चांद काढा. आता डावा डोळा झाका, उजव्या डोळ्यानं फक्त ताऱ्याकडं बघा आणि वही हळूहळू जवळ आणा. साधारण दीड वितीवर चांद नाहीसा होतो. वाचकांनीही करून पाहावं, खर्च काही नाही. डोळ्याच्या पडद्यावर एक जागा अशी असते की जिथून मेंदूकडं जाणारी नस बाहेर पडते. या नसेत सुमारे १० लाख तंतू असतात, आणि ती निघते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. म्हणजे प्रत्येक डोळ्याच्या चित्रात एक भोक आहे. ते जन्मभर जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूचा रंग पसरून ते बुजवतो. आपण जे पाहतो त्यात डोळ्यानं पाठवलेलं किती आणि मेंदूनं भरलेलं किती, हे आपल्याला कळत नाही.

वर्गात गलका झाला. "आपा, चांद गायब!" मग डोळे बदलायला सांगितलं. उजवा झाका, डाव्यानं चांदाकडं बघा, आता तारा जाईल. सगळ्यांचा गेला. ही एकटी वही नाकापर्यंत आणून बसलेली.

"आपा, इसमें चांद कौनसा, तारा कौनसा?"

पोरं हसली. आम्ही रागावलो. आता मस्करी पण करायला लागलीस? ती गप्प झाली. तास संपल्यावर, का कोण जाणे, आम्ही तिला जवळ बोलावलं, तिचा उजवा डोळा आपल्या तळव्यानं घट्ट झाकला आणि फळ्यावरची तारीख वाचायला सांगितली. तारीख हातभर मोठ्या अक्षरात होती. ती म्हणाली, "बोर्डपे कुछ लिखाच नै."

आम्हाला तेव्हा आठवला तो २०२२ चा जुलै. शाळेत नेत्रतपासणी होती आणि पहिली चाळणी शिक्षकांनीच करायची होती. सहा मीटरवर इंग्रजी ई अक्षराचा तक्ता, ईचे पाय कुठल्या बाजूला आहेत ते मुलानं हातानं दाखवायचं, आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या. पन्नास मुलं आणि खिचडीची वेळ होत आलेली. आम्ही म्हटलं, आपापल्या हातानं डोळा झाका. मुलं बोटांच्या फटीतून बघतात हे कुठल्या शिक्षकाला ठाऊक नसतं? तिच्या नावापुढं आम्ही 'ठीक' असं लिहिलं. ती खोटं वागली नव्हती. सात वर्षांच्या मुलीला काय कळणार की दोन डोळ्यांना सारखंच दिसायला हवं? तिनं जग दुसरं पाहिलंच नव्हतं.

नेत्रतज्ज्ञ बाईंनी तपासून सांगितलं: उजव्या डोळ्याला नंबर नाहीच म्हणावा असा, डाव्याला मोठा, अधिकचा. डोळा वरून सरळ आणि सुरेख, म्हणून घरी कुणाला शंका आली नाही. चष्मा लावूनही डाव्यानं ६/३६, म्हणजे निरोगी डोळा जे ३६ मीटरवरून वाचतो ते हिला सहा मीटरवर यावं लागतं. याला लोक आळशी डोळा म्हणतात. शंभरात दोन-तीन मुलांना हे असतं. आमच्यासारख्या भरलेल्या वर्गात एखादं तरी निघायचंच.

'आळशी' हा शब्द आम्हाला पटला नाही. डोळा बिचारा सकाळी उठल्यापासून काम करत होता. दोन डोळे थोडी वेगवेगळी दोन चित्रं पाठवतात, आणि मेंदू ती जोडून वस्तू किती लांब आहे याचा अंदाज बांधतो. एक चित्र कायमच धुरकट येऊ लागलं तर लहान मुलाचा मेंदू त्याची दखल घेणं सोडतो आणि स्वच्छ चित्रावर निभावून नेतो. दार वाजत राहतं, आतून कुणी उघडत नाही. म्हणून पेल्याची कड चुकत होती, चेंडू चुकत होता. बाईंनी हेही बजावलं की तिची प्रत्येक चूक डोळ्याच्या खात्यावर टाकू नका. काही मुलं मुळातच घाईची असतात. ठीक. पण तवज्जो न देणारं कोण, हा शेरा मात्र आम्हाला पुन्हा वाचावा लागला.

अमेरिकेत ह्यूबेल आणि वीझेल या दोघांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिलांच्या एका डोळ्याच्या पापण्या काही आठवडे शिवून ठेवल्या. टाके काढले तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूच्या मागच्या भागातल्या, पाहण्याचं काम करणाऱ्या पेशींपैकी जवळजवळ एकही त्या डोळ्याला जबाब देईना. साऱ्या उघड्या डोळ्याच्या बाजूनं गेल्या होत्या. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला तर असं काही होत नाही. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. वाचताना पिलांची कीव येते, पण बालपणीच डोळे तपासायचा आग्रह अशा कामातूनच पक्का झाला.

मग आमची मुलगी नऊ वर्षांची, तिचं काय? जुने लोक म्हणत, सात वर्षांनंतर उपयोग नाही. ते तसं नाही. २००५ साली अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी ७ ते १७ वर्षांच्या ५०७ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध केली. ७ ते १२ या वयात नुसत्या चष्म्यानं चौथा हिस्सा मुलं सुधारली. चष्म्याबरोबर चांगला डोळा झाकला, थेंब घातले आणि जवळची कामं करवली, तेव्हा निम्म्याहून थोडी जास्त. आपल्याकडंही पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशनं जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मोठ्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करवल्या. हातानं ओळखलेली वस्तू त्यांना पट्टी काढल्याबरोबर नजरेनं ओळखता आली नाही. काही दिवसांनी येऊ लागली. पाहणंसुद्धा शिकावं लागतं.

आता इलाज. उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. अम्मी आमच्याकडं आली ती तावातावानं. "आपा, खराब आँख छोडके अच्छी आँखपे पट्टी? ये कैसा इलाज?" तिचं काय चुकलं? आम्ही म्हटलं, जो मुलगा नेहमी हात वर करतो त्याला जरा गप्प बसवल्याशिवाय मागच्या बाकावरचा बोलत नाही. तिला पटलं की नाही ठाऊक नाही. तिची खरी भीती वेगळी होती, ती तिनं जाताना दारात सांगितली: लोक कानी म्हणतील, पुढं रिश्ते यायचे आहेत.

पट्टीच्या वेळात नुसतं बसायचं नाही, बारीक काम करायचं. घरी ती तांदूळ निवडायची. शाळेत आम्ही तिला जुन्या उर्दू वर्तमानपत्रात नुक्ते रंगवायला द्यायचो. बे, पे, ते, से, अंग एकच, फरक फक्त टिंबांचा: एक खाली, तीन खाली, दोन वर, तीन वर. पहिल्या महिन्यात ती बे आणि पेमध्ये रडायची. मराठीच्या तासाला व आणि ब.

त्या दिवसांत आम्ही इब्नुल हैसमबद्दल जे मिळेल ते वाचलं. बसऱ्याचे हे आलिम सुमारे ९६५ साली जन्मले आणि कैरोत राहून त्यांनी 'किताबुल मनाजिर' लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, प्रकाश बाहेरून आत येतो, हे त्यांनी दाखवलं, आणि आमचा अभिमान सहसा इथंच थांबतो. पण त्यांनी पुढंही लिहिलंय की नुसता प्रकाश आत येणं म्हणजे पाहणं नव्हे. पूर्वी पाहिलेल्याशी ताडून, अंदाज बांधून ओळख पटते, आणि हे इतक्या झटकन होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. त्यासाठी त्यांनी दाखला दिला तो वाचनाचा. शिकलेला माणूस 'अबजद' हा शब्द अलिफ, बे, जीम असा फोडून वाचत नाही, पाहताक्षणी ओळखतो. हजार वर्षांपूर्वीचा हा दाखला पहिलीच्या वर्गातला आहे!

वाचताना नजर सरकत नाही, टप्प्याटप्प्यानं उड्या मारते, आणि ज्या दिशेला पुढं जायचं त्या बाजूची अक्षरं मेंदू जास्त टिपतो. १९८१ साली हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांवर आणि २०१४ साली उर्दू आणि इंग्रजी वाचणाऱ्यांवर हे तपासलं गेलं: तोच माणूस एका लिपीत डावीकडचं जास्त घेतो, दुसरीत उजवीकडचं. आमची पोरं उर्दूच्या तासाला उजवीकडून डावीकडं, मराठीच्या तासाला डावीकडून उजवीकडं, आणि उर्दूत आकडा आला की मध्येच उलटं फिरतात. लोक म्हणतात, दोन लिप्यांचा बोजा पडतो. पडत असेल. पण मेंदूला अशी कवायत कोण रोज घडवतं?

कवायतीवरून आठवलं. व्यायाम करा, चष्मा फेका, अशा जाहिराती तिच्या मामांनी आणून दाखवल्या. बुबुळाचा आकार व्यायामानं बदलत नाही. नंबर जातो तो या रस्त्यानं नाही. आम्ही कागद ठेवून घेतले, परत दिले नाहीत.

२०२५ च्या मार्चमध्ये रमजान आला. तिनं पहिल्यांदा रोजे धरले आणि विचारलं, "पट्टीसे रोजा टूटता क्या?" नाही म्हटल्यावर जरा नाराज झाली. ईदच्या दिवशी पट्टीला सुट्टी मागितली, ती आम्ही बाईंना न विचारता देऊन टाकली. एप्रिलमध्ये डाव्या डोळ्यानं ६/१८ पर्यंत वाचलं. पेला आता बहुतेक वेळा भरतो. सुईत दोरा अजून एका फटक्यात जात नाही; दोन डोळ्यांचं एकत्र काम पुरतं जमेल असं कुणी आम्हाला सांगितलेलं नाही, आम्हीही तिला सांगितलं नाही.

जूनमध्ये ती पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. आम्हाला पहिलीचा वर्ग मिळाला. या वेळी तपासणी तीन दिवस चालली. डोळा मुलांना झाकू दिला नाही, पुठ्ठा कापून आम्ही स्वतः धरला. एका मुलाचा डावा डोळा झाकला तर काही नाही. उजवा झाकला की पुठ्ठा ढकलून द्यायचा आणि रडायचा. तीनदा करून पाहिलं. त्याच्या अब्बांना दोन निरोप धाडलेत. ते अजून आलेले नाहीत.