दम्यापुढची खूण

मालवणच्या जेटीवर ऊन चढत होतं. काउंटरवरच्या मुलाने डायव्हिंगचा फॉर्म पुढे सरकवला. "काकी, सगळीकडे 'नाही'वर खूण करा नि खाली सही. होडी सुटतेय."

दोरीला बांधलेलं पेन घेऊन मी भराभर खुणा केल्या. दम्याच्या ओळीवरही 'नाही'. दमा मला लहानपणापासून आहे. पण पंप आता फक्त थंडीत, धुळीत लागतो. तेवढ्यासाठी कशाला, असं वाटलं. शेजारी लेक उभी होती. ती काहीच बोलली नाही, नुसती त्या खुणेकडे बघत राहिली. मी ती खोडून 'हो' केलं. मला होडीत घेतलं नाही. लेक गेली, मी सिंधुदुर्गाच्या तटाकडे बघत किनाऱ्यावर बसून राहिले. वाईट वाटलं, खूप.

पुण्याला आल्यावर छातीच्या डॉक्टरांकडे गेले. नाकाला चिमटा, तोंडात नळी. "जोरात! अजून, अजून, सोडू नका!" डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत फुंकलं. मग पंपाचे झोत घेऊन पंधरा मिनिटं बाकावर बसायचं आणि पुन्हा फुंकायचं. पडद्यावर दुसरी रेघ पहिलीच्या बरीच वर गेली. "म्हणजे एरवी तुमच्या श्वासनळ्या आवळलेल्याच असतात," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला त्याची सवय झालीय."

मग त्यांनी समजावलं ते मी विसरणार नाही. 10 मीटर खोल पाण्यात दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येताना दुप्पट होते. एरवी श्वास सोडत वर आलं की ती निघून जाते. पण एखादी नळी आवळलेली असली तर तिच्यामागची हवा अडकते, फुप्फुस फाटतं, बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. फार खोल जावं लागतं असंही नाही. हवा सगळ्यात झपाट्याने फुगते ती वरच्या काही मीटरांतच. शिवाय टाकीतली हवा कोरडी आणि गार, दम्याला चाळवणारी.

त्यांनी डायव्हिंगसाठी 'अयोग्य'वर खूण केली. तीन महिने रोज औषध घ्या, मग परत फुंकू, म्हणाले. ते घेतेय.

तुम्ही जाणार असाल तर कान, हृदय, फिट, दमा, गरोदरपण, प्रत्येक ओळ वाचा. एक जरी 'हो' आलं तरी आधी डॉक्टरांची सही घ्या. होडी सुटली तर सुटू द्या. पावसाळा सोडला तर मालवणात डायव्हिंग मेपर्यंत चालू असतं.